दादा, लीड किती?

रात्री अकराला एखाद्या प्रचार कार्यालयात जाऊन बसा. दिवसभर फिरून आलेले कार्यकर्ते एकेक करून खबर देत असतात. "दादा, पूर्वेचा भाग एकदम टाइट." "त्या गावात समोरच्याला बूथ एजंट मिळायचा नाही." "पंधरा हजारांचं लीड फिक्स धरा, वरचं बोनस." दादा मान डोलावतात, गार झालेला वडापाव संपवतात आणि झोपायला जातात. मतमोजणीच्या दिवशी तिसऱ्या फेरीनंतर केंद्राबाहेरच्या गाड्या एकेक करून निघायला लागतात, तेव्हा लीड फिक्स करणारे सगळ्यात आधी दिसेनासे होतात.

ही मंडळी खोटारडी असतात असं मला वाटत नाही. ती ज्यांना भेटली ती त्यांचीच माणसं होती, एवढंच. ज्याला मत द्यायचं नाही तो मिरवणूक आली की आत जाऊन बसतो, आणि समोर आलाच तर "आपलंच आहे की" म्हणून हात जोडतो. मागायला आलेल्याला दारातून नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

म्हणून सर्व्हे करायचा. उमेदवार, त्याचा प्रचार सांभाळणारा पुतण्या किंवा मेहुणा, किंवा पक्षाचा तालुकाध्यक्ष यांच्यापैकी तुम्ही कोणीही असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी बरीच वर्षं हे काम केलंय, प्रश्नावली हातात घेऊन दारोदार हिंडण्यापासून ते रिपोर्ट टेबलावर ठेवून समोरच्याचा चेहरा पडताना बघण्यापर्यंत. आलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी एक प्रश्न विचारते: "आकडा वाईट आला तर काय कराल?" उत्तर "तसा येणारच नाही" असं आलं, की चहा पिऊन मी निघते. ज्यातून वाईट बातमी येऊ शकतच नाही असा सर्व्हे म्हणजे पैसे देऊन ऐकलेलं भाषण.

दुसरं, सर्व्हे कशासाठी हे आधी ठरवा. "मी निवडून येईन का" याचं उत्तर मिळून तुम्ही त्याचं करणार काय? हाती वीस दिवस, चार गाड्या आणि आटत चाललेला पैसा आहे. तो कोणत्या सर्कलमध्ये, कोणत्या लोकांसमोर, कोणता मुद्दा घेऊन खर्च करायचा, हे कळण्यासाठी सर्व्हे असतो. इच्छुकांचा आणखी एक प्रकार आहे: श्रेष्ठींना दाखवून तिकीट मिळवण्यासाठी केलेला सर्व्हे. त्यात आकडा आधी ठरतो आणि फॉर्म नंतर भरले जातात. पक्षांकडे स्वतःचे दोन-दोन, तीन-तीन सर्व्हे असतात. तुमचा रिपोर्ट तिथे हातात घेऊन बघतात आणि बाजूला ठेवतात. त्यावर पैसा घालवू नका.

आता मुख्य गोष्ट: विचारायचं कोणाला. निम्मे सर्व्हे इथेच मरतात.

१९३६ मध्ये अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारगाड्यांच्या नोंदींवरून काढलेल्या पत्त्यांवर सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांच्या आधारावर त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन रूझवेल्टना हरवणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. सर्व्हे करणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. मंदीच्या काळात घरी फोन आणि दारात मोटार असणारा माणूस कोण होता, हे डायजेस्टने विचारलंच नाही. शिवाय मुद्दाम पत्र लिहून उत्तर पाठवणारे कोण, हेही नाही. तुमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आपली पसंती कोणाला?' म्हणून जो पोल फिरतो, तो हाच प्रकार आहे. त्यात पाच हजार जणांनी बोट दाबलं असलं तरी तो बघून खूश होऊ नका, आणि नाराजही होऊ नका.

सॅम्पल काढण्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या कार्यालयात आधीच पडलेली असते: मतदार यादी. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी सव्वातीन-साडेतीन लाख मतदार असतात आणि एका बूथवर साधारण हजारच्या आसपास. समजा तुमच्याकडे ३२० बूथ आहेत आणि तुम्हाला ४० निवडायचे आहेत. सगळे बूथ भौगोलिक क्रमाने लिहून काढा: तालुक्याचं गाव, मग त्याला लागून असलेला जिल्हा परिषद गट, मग पुढचा. आता एक ते आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचला. पाच आली, तर पाचवा, तेरावा, एकविसावा असे बूथ घ्या. बाजारपेठ, मोठं गाव, डोंगरावरचा पाडा, तांडा हे सगळं आपोआप आपापल्या प्रमाणात येतं. एखाद्या बूथचं नाव वाचून कार्यकर्ता म्हणेल, "तिथे जाऊन काय उपयोग, ते सगळे त्यांचेच आहेत." जायचं. तिथे सगळे खरंच त्यांचे आहेत का, हे बघायलाच जायचं.

मग बूथच्या यादीतून पंचवीस नावं. हजार नावं असतील तर दर चाळिसावं. सुरुवात पुन्हा चिठ्ठीने. सतरा निघालं, तर सतरा, सत्तावन्न, सत्त्याण्णव. ही नावं लिहून सर्व्हेवाल्याच्या हातात द्या आणि बजावून सांगा: यातलंच माणूस, शेजारचं नाही. सगळ्यात जास्त भांडण याच नियमावर होतं, कारण दुपारी बारा वाजता घरात सापडतात ती म्हातारी माणसं आणि दुकानात बसणारे. कंपनीत गेलेला मुलगा, शेतात गेलेली सून, शाळेत शिकवणारे गुरुजी सापडत नाहीत. भेटेल त्याचा फॉर्म भरत गेलात तर पारावर बसणाऱ्यांची संसद तयार होते. संध्याकाळी पुन्हा जा. रविवारी पुन्हा जा. तीन चकरांनंतरही भेटला नाही तर "भेटला नाही" असं लिहा. हजार नावांतून सहाशे माणसं भेटली तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

यादी म्हणजे काही गाव नव्हे. तिच्यात वारलेली माणसं असतात, लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, दुबार नावं असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात यादीतला माणूस गणपतीला आणि शिमग्याला भेटतो, एरवी तो विरारला किंवा ठाण्यात असतो. मतदानाला तो येणार का, त्याच्यासाठी कोण गाडी ठरवणार, हे तिथल्या निवडणुकीत घरच्या मतांइतकंच महत्त्वाचं. बीडकडे उलटं: पाऊस संपला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे नेमकं हंगामाच्या तोंडावर. त्यामुळे "भेटला नाही" या शेऱ्यापुढे "का" हा रकाना ठेवा. मला अनेकदा त्या रकान्यातून जेवढं कळलंय, तेवढं उरलेल्या फॉर्ममधून कळलेलं नाही.

किती माणसं पुरतात? लोक म्हणतात, साडेतीन लाखांत सहाशे म्हणजे दर्यात खसखस. पातेल्यातला भात शिजलाय का हे बघायला आपण चार शितं दाबतो. पातेलं पन्नास माणसांचं असलं म्हणून शंभर शितं दाबत नाही. भात नीट ढवळलेला हवा, एवढंच. चिठ्ठ्या आणि दर चाळिसावं नाव हे ते ढवळणं. हिशेब असा: चारशे माणसांत चूक साधारण पाच टक्के इकडे-तिकडे, सहाशेत चार, हजारात तीन. पुढे चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणून हजाराच्या पलीकडे सहसा जाऊ नका. तोच पैसा दुसऱ्या फेरीला ठेवा.

मात्र एक गोष्ट रिपोर्ट देणारे मुद्दाम बारीक अक्षरात लिहितात. चार टक्के चूक ही एका उमेदवाराच्या आकड्यातली. दोघांमधल्या अंतराची चूक जवळजवळ दुप्पट. सहाशेच्या सर्व्हेत तुम्ही ४२ आणि समोरचा ३७ असेल, तर "पाच टक्के पुढे, म्हणजे दहा हजारांचं लीड" असं कोणी सांगितलं की त्याला बसवून विचारा: हे पाच टक्के सात टक्के चुकू शकतात ना? मग मी पुढे आहे हे तरी कशावरून? शिवाय ही माणसं ४० बूथांतूनच घेतलेली, एका वस्तीतले लोक एकमेकांसारखे. म्हणजे खरी चूक त्याहूनही थोडी जास्त. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी आणि साकोली २०८ मतांनी. अशी लढत आधी सांगणारा सर्व्हे जन्माला आलेला नाही. 'काट्याची टक्कर' हेही एक उत्तर असतं, आणि ते ऐकून घ्यायची तयारी हवी.

आता प्रश्नावली. ती लहान ठेवा. दारात उभं राहून माणूस दहा-बारा मिनिटं देतो, त्यापुढे "दूध उतू जाईल" सुरू होतं. मताचा प्रश्न सुरुवातीला घ्या. आधी पाणी, खड्डे, लोडशेडिंग, पीकविमा असे पाच प्रश्न विचारून तापवलंत आणि मग "आमदारांबद्दल काय मत?" म्हणालात, तर ते उत्तर तुम्हीच तयार केलेलं असतं. "आपल्या भागाचे लाडके, कार्यसम्राट..." अशी सुरुवात तर नकोच. मी खरंच पाहिलेला एक प्रश्न: "अमुक साहेबांनी केलेली विकासकामं तुम्हाला किती आवडली? खूप / बऱ्यापैकी / थोडी." न आवडण्याची सोयच नाही.

आणि चिन्हांचं चित्र हातात ठेवा. हे मी दर प्रशिक्षणात घसा कोरडा होईपर्यंत सांगते. शिवसेना आणि राष्ट्रवादी दोन-दोन झाल्यापासून "राष्ट्रवादीला" हे उत्तरच नव्हे. "घड्याळ का तुतारी?" असं विचारलं की अर्धे लोक क्षणभर थांबतात, आणि नेमका तो क्षण टिपायचा असतो. "शिवसेना" म्हटलं की धनुष्यबाण का मशाल. २०२४ ला सातारा लोकसभेत 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाच्या उमेदवाराचा पराभव सुमारे ३२ हजार मतांनी झाला, आणि पिपाणी हे चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांच्या पुढे मतं पडली. त्यातली किती चुकून गेली हा वाद राहू द्या. पण नुसतं तोंडी पक्षाचं नाव विचारणाऱ्या सर्व्हेला ही भानगड दिसलीच नसती. कागदावर चिन्हं छापून "यातलं कोणतं?" म्हणून बोट ठेवायला सांगितलं असतं, तर कुठेतरी शंकेची पाल चुकचुकली असती, आणि पोस्टर बदलायला वेळ मिळाला असता.

याच्या पुढची पायरी म्हणजे खोटी मतपत्रिका. अर्ज माघारीनंतर चिन्हं ठरली की खऱ्या क्रमाने नावं-चिन्हं छापलेला कागद आणि एक बंद डबा घेऊन जायचं. मतदार पाठ फिरवून शिक्का मारतो, घडी घालतो, डब्यात टाकतो. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा 'लोकनीती' हा गट ही पद्धत वर्षानुवर्षं वापरतो. तोंडाने "बघू, अजून वेळ आहे" म्हणणारा माणूस डब्यात मात्र कागद टाकतो. गावकी-भावकी घट्ट असलेल्या ठिकाणी, सरपंचाचं घर समोर असताना, दुसरा इलाजच नाही. कागदावर मागच्या बाजूला फक्त बूथचा नंबर आणि स्त्री का पुरुष एवढंच असावं.

महापालिकेसाठी करत असाल तर आणखी एक गुंता. मुंबईत एका प्रभागात एक नगरसेवक. बाकी शहरांत बहुसदस्यीय प्रभाग, म्हणजे एकाच मतदाराला तीन-चार मतं. "तुम्ही कोणाला मत देणार?" या प्रश्नाला तिथे अर्थ नाही. प्रत्येक जागेचा वेगळा कागद करा. पॅनेल टू पॅनेल मतदान होतंय का एक मत घरच्या माणसाला आणि तीन पक्षाला, हे तेव्हाच उघडं पडतं. प्रभाग बदललेले असतील तर यादी कोणत्या प्रभागाची आहे हेही दोनदा तपासून घ्या.

बायकांकडे बायकांनीच जायचं. यावर वाद नको. दारात नवरा उभा राहतो आणि म्हणतो, "तिला काय विचारता, आमच्या घरात मी सांगेन तिथेच." मी एकदा अशा घरी फॉर्म गुंडाळून पाणी मागितलं. ती आत गेली, तिच्यामागून मी. माठाजवळ उभं राहून तिने तीन मिनिटांत सगळं सांगितलं, आणि जाताना पुन्हा मोठ्यांदा म्हणाली, "आमच्यात हे सांगतील तेच." फॉर्मवर मी दोघांचीही उत्तरं लिहिली. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये कोणाच्या खात्यात येऊ लागले होते, हे आठवा. तेव्हाच्या ज्या सर्व्हेंत पारावरचे पुरुष भरले होते, त्यांना विधानसभेची हवा कळणार कुठून?

आणि आडनाव. सर्व्हेवाला दारात आला की मतदाराचा पहिला प्रश्न, "कुठले तुम्ही?" आणि लगेच दुसरा, "आडनाव काय?" आडनाव कळलं की जात कळली, आणि जात कळली की उत्तर बदललं. त्यामुळे ओळखपत्रावर फक्त नाव छापा आणि मुलं शेजारच्या जिल्ह्यातली घ्या. स्थानिक पोरगा स्वस्त पडतो, पण तो अमक्याचा भाचा असतो हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं. सर्व्हे कोणासाठी चाललाय हे सर्व्हेवाल्यांनाही सांगू नका. त्यांना माहीतच नसेल तर ते बोलून जाणार नाहीत.

मुलांना पैसे दिवसावर द्या, फॉर्मवर नाही. फॉर्ममागे पैसे म्हणजे टपरीवर बसून फॉर्म भरण्याचं आमंत्रण. एकदा आमच्याकडे एका वस्तीचे बावीस फॉर्म आले. अक्षर सुंदर, एकही रकाना रिकामा नाही. वयं मात्र तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. कोणीच एकतीस किंवा अडतीस वर्षांचं नाही. पाण्याच्या प्रश्नाला बावीस जणांनी "नळ, रोज" असं उत्तर दिलेलं. त्या वस्तीवर मी स्वतः टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांशी बोलले होते. मुलगा हुशार होता. त्याला बोलावलं, फॉर्म पुढे ठेवले, त्याने एक शब्द न बोलता पाय चोळत कबूल केलं. त्या दिवशी त्याच्या बसचे पैसेसुद्धा द्यायचे राहून गेले होते, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून गाडीखर्च सकाळीच हातावर ठेवते. शिवाय दहातल्या एका घरी दुसऱ्या दिवशी दुसरं माणूस जाऊन दोनच प्रश्न पुन्हा विचारतं. मोबाइल अॅपवर फॉर्म भरत असाल तर ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जाते. तासाभरात वीस मुलाखती दिसल्या की समजून जा.

गोळा झालेल्या आकड्यांचं वाचन हे वेगळं काम. आधी यादीशी ताळा करा. यादीत बायका ४९ टक्के आणि तुमच्या फॉर्मांत ३८ असतील, तर प्रत्येक बाईच्या उत्तराला जरा जास्त वजन द्यावं लागतं, साधारण एकाला १.२९, आणि पुरुषाच्या उत्तराला ०.८२. वयाचंही तसंच. हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. ते केलंय का, असं एजन्सीला विचारा आणि वजनाआधीचा आकडाही मागा. दोन्हींत दहा-दहा टक्क्यांचा फरक असेल, तर फॉर्मच चुकीच्या लोकांचे भरलेत.

मग "सांगता येत नाही"चा ढीग. तो एकाच खात्यात टाकू नका. "ठरलं नाही" म्हणणारा वेगळा, "तुम्हाला कशाला सांगू" म्हणणारा वेगळा, आणि "कोणी का येईना" म्हणणारा तिसरा. पहिल्यासाठी प्रचार करायचा. दुसऱ्याने बहुधा ठरवलेलं असतं, आणि माझ्या अनुभवात तो सत्तेतल्या माणसाविरुद्ध असण्याची शक्यता जास्त; खुश असलेल्याला लपवायचं कारण नसतं. तिसरा मतदानालाच जात नाही. मतदान करणार का, असं थेट विचारलं तर शंभरातले पंच्याण्णव "म्हणजे काय, हक्क आहे" म्हणतात, आणि राज्यात मतदान २०२४ च्या विधानसभेला साधारण ६६ टक्के झालं. म्हणून विचारा, "मागच्या वेळी तुमचं केंद्र कोणत्या शाळेत होतं?" शाळा, खोली, रांग धडाधड सांगणारा माणूस जातो.

मागच्या वेळी कोणाला दिलं, हेही विचारा. लोक जिंकलेल्याचं नाव थोडं जास्तच सांगतात. पण त्या बूथचा खरा निकाल तुम्हाला फॉर्म २० मध्ये मिळतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर बूथनिहाय मतं असतात. निवडलेल्या ४० बूथांची मागची बेरीज मतदारसंघाच्या निकालाशी जुळते का, हे फील्डला जाण्याआधी बघा. फारच विसंगत आली तर चिठ्ठी पुन्हा टाका. मात्र एकदाच.

रिपोर्ट आला की उमेदवार लगेच विचारतो, "तरुणांत काय?" सहाशेत अठरा ते पंचवीसचे ऐंशी असतील, तर तिथली चूक अकरा टक्क्यांची. तीच गोष्ट एकेका गटाची, एकेका जातीची. "अमुक समाज ६२ टक्के आपल्याकडे" असं चाळीस फॉर्मांवरून लिहिलेलं वाक्य पेन्सिलने खोडा. मोठे तुकडे बघा: बायका-पुरुष, शहर-खेडं, चाळिशीच्या आतले-बाहेरचे. आणि आकड्यांखाली मुलांनी लिहून आणलेले शब्द वाचा. "पाच वर्षांत एकदा आला, तोही दहाव्याला" हे एका मावशीचं वाक्य मी एका आमदारांना जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून कोणाच्या दहाव्याला गेलो ते सांगणं बंद केलं आणि टँकरच्या फेऱ्या मोजायला माणूस ठेवला. त्या निवडणुकीत सर्व्हेचा उपयोग म्हणजे एवढाच.

तुमचा सर्व्हे एका मतदारसंघापुरता, त्यामुळे मतांवरून जागा काढायच्या फंदात तुम्हाला पडावं लागत नाही हे नशीब. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्काही अंतर नव्हतं, आणि जागा ३० आणि १७. देशात बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, मिळाल्या २९३. जिल्ह्यातल्या सगळ्या जागांचा आकडा कोणी तुम्हाला सांगत असेल तर ऐका, पण पैसे देऊ नका.

एकच सर्व्हे पुरत नाही. १९४८ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्युई ट्रूमनना हरवणार म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं; जिंकले ट्रूमन. एक कारण असं की सर्व्हेवाल्यांनी मतदानाच्या बऱ्याच आधी विचारणं थांबवलं, आणि शेवटच्या आठवड्यांत लोक फिरले. आपल्याकडे तर माघारीच्या दिवशी दुपारी तीनला निवडणूक बदलते. बंडखोर राहिला की बसला यावर. पहिली फेरी तिकिटाच्या बरीच आधी, मुद्दे शोधायला. दुसरी माघारीनंतर तीन-चार दिवसांत, चिन्हांच्या कागदासह. जमलंच तर तिसरी मतदानाच्या आठवडाभर आधी, थोडक्या बूथांवर, तेच प्रश्न, तोच क्रम. शब्दही बदलू नका, नाहीतर बदल मतदारात झाला का प्रश्नात, हे कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार ठरवून दिलेल्या मुदतीत एक्झिट पोल घेणं आणि प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत ओपिनियन पोलचे आकडे वाहिन्यांवर दाखवता येत नाहीत. स्वतःपुरता केलेला सर्व्हे स्वतःपुरताच ठेवा, "आपण पुढे" म्हणून स्टेटसला टाकू नका. आणि सर्व्हेच्या नावाखाली योजनेचे फॉर्म भरून घेऊ नका. 'निवडून आलो तर अमुक रक्कम, इथे नाव-नंबर लिहा' असले प्रकार बंद करा, असं निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावलं होतं; ते लाच देण्यात मोडतं.

त्याहून जास्त मला काळजी वाटते ती फॉर्मांच्या गठ्ठ्याची. नाव, मोबाइल, जात आणि मत एकाच ओळीत असलेली यादी गावात फुटली तर निवडणूक संपते, पण ज्याचं नाव त्यात आहे त्याचा त्रास संपत नाही. त्याच्या घरकुलाचा हप्ता अडतो, पाणंद रस्ता त्याच्या बांधापाशी थांबतो. नावांचा कागद वेगळा, उत्तरांचा वेगळा, मधे फक्त एक क्रमांक. आणि पुन्हा तपासणी झाली की नावांचा कागद माझ्यासमोर फाडायचा, अशी माझी अट असते. एका उमेदवाराने "विरोधात कोण बोललं तेवढं सांगा" म्हणून दुप्पट पैसे देऊ केले होते. त्याचं काम मी अर्ध्यावर सोडलं.

निकाल लागल्यावर बहुतेक जण सर्व्हेचा कागद रद्दीत टाकतात. जिंकलेले गुलालात, हरलेले रागात. तुम्ही तो काढून ठेवा. नवा फॉर्म २० आला की तुमच्या ४० बूथांची मतं एकत्र करा आणि शेवटच्या फेरीशी ताडून बघा. एका बूथवरच्या पंधरा माणसांवरून काही ठरत नाही, पण आठ-दहा बूथ मिळून एकाच बाजूला चुकले असतील तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. त्या बूथांवर कोणती मुलं गेली होती हे हजेरीवहीत सापडेल. त्यांना फोन करा, गाडीखर्च आधीच सांगा, आणि चहाला बोलवून विचारा की त्या संध्याकाळी कोणाच्या दारात, कोणकोण उभं होतं.